दुसऱ्याच्या खिशातून दिलेली सवलत

चाकण-भोसरीकडे कारखान्यांच्या आसपास दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा दिसतात. वर पत्रा, टोकाला सामाईक संडास, दर खोलीला वेगळा सबमीटर. एमआयडीसीत जमीन गेल्यावर उरलेल्या गुंठा-दोन गुंठ्यांवर इथल्या शेतकरी कुटुंबांनी या चाळी बांधल्या. पिकाचं उत्पन्न गेलं, त्याची जागा भाड्याने घेतली. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर खोली देणाऱ्या आजी, डोंबिवलीतल्या दुसऱ्या फ्लॅटच्या भाड्यावर निवृत्तीनंतरचा खर्च भागवणारा कारकून, हेही याच वर्गातले. घरमालक म्हणजे पैसेवाला, असं आपण धरूनच चालतो. करोनाकाळातले नियमही तसंच धरून लिहिले गेले.

२९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश निघाला. कामगारांकडून, त्यात स्थलांतरित मजूरही आले, एक महिना भाडं मागायचं नाही. मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावली तर कारवाई. आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा होता आणि त्या कायद्याचं कलम ५१ एक वर्षापर्यंत कैद सांगतं. मी या आदेशाच्या बाजूचा आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला साथीत रस्त्यावर काढणं अमानुषच ठरलं असतं. पण त्या महिन्याचं भाडं शेवटी कोणी सोसायचं, हा हिशेब कोणी मांडलाच नाही. भरपाईचा शब्द आदेशात नव्हता. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली: वसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कोणाला काढू नका. तीन महिने हाताला काम नसलेला माणूस चौथ्या महिन्यात सगळी थकबाकी कुठून आणणार होता?

घरमालकाची देणी मात्र कोणी थांबवली नव्हती. फ्लॅट असेल तर सोसायटीचा मेंटेनन्स, त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, आणि थकलं तर आदर्श उपविधींनुसार २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज. रिझर्व्ह बँकेने मार्चमध्ये कर्जहप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली, ती पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. हप्ता थांबला, व्याज चढतच राहिलं. चाळ बांधणाऱ्यांपैकी अनेकांचं कर्ज तर गावातल्या पतसंस्थेचं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे ही सवलतही तिथे आपोआप लागू झाली नाही. मजूर गावी निघून गेले, खोल्या ओस पडल्या आणि वसुलीसाठी माणूस दारात येत राहिला.

कोर्टात जायची सोय कागदावर होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येतं. चाळीतल्या खोलीचा व्यवहार मात्र बहुधा तोंडी. करार नोंदवलेला नसेल तर कलम ५५ नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं मानलं जातं. वर नोंदणी न केल्याबद्दल शिक्षा घरमालकालाच. ज्यांच्या हातात जागा खाली करून घेण्याचा हुकूमनामा होता, तेही अडकले. मुंबई उच्च न्यायालयाने अशा हुकूमनाम्यांची अंमलबजावणी स्थगित ठेवली आणि त्या स्थगितीला पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली.

मुदतवाढ म्हटलं की मुंबईतल्या घरमालकाच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ साली युद्धकाळापुरता कायदा आला. त्याने भाडी १ जानेवारी १९१६ च्या पातळीवर बांधून टाकली. १९४७ चा मुंबई भाडे कायदाही तात्पुरताच होता. त्याने आधारासाठी १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरलं आणि तो वारंवार वाढवत अर्धं शतक चालवला गेला. काळाच्या ओघात हे गोठवणं अवाजवी झालं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ साली सांगितलं. मग १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. यात नुकसान एकट्या घरमालकाचं झालं नाही. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरांतल्या भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. भाडेकरू ठेवण्यापेक्षा कुलूप लावणं लोकांना सुरक्षित वाटत असेल, तर नव्याने शहरात आलेल्या मजुराला खोली मिळणार कुठून?

अमेरिकेने निदान पैसे काढले. तिथे सप्टेंबर २०२० पासून रोगनियंत्रण केंद्राने भाडेकरूंना बाहेर काढण्यावर देशभर बंदी घातली. ती ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. थकलेल्या भाड्यासाठी संसदेने सुमारे ४,६५० कोटी डॉलर मंजूर केले होते, पण जुलै २०२१ अखेरपर्यंत त्यातले ५१० कोटींच्या आसपासच वाटले गेले. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत स्थानिक बंदी एप्रिल २०२३ पर्यंत टिकली. शेवटी एक लहान घरमालक काउंटीच्या कार्यालयाबाहेर उपोषणाला बसला. पैसा मंजूर होणं आणि तो वेळेवर हातात पडणं यांत लहान माणूस कसा भरडला जातो, ते तिथेही दिसलं.

आपल्याकडे असं आश्वासन दिलं ते दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी. ज्या गरिबांना भाडं देता येणार नाही, त्यांचं भाडं सरकार भरेल, असं अरविंद केजरीवाल २९ मार्चलाच पत्रकार परिषदेत म्हणाले. पैसे आले नाहीत. दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने जुलै २०२१ मध्ये दिला. सप्टेंबरात खंडपीठाने त्याला स्थगिती दिली.

केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, म्हणजे दुसरी लाट नुकती ओसरत असताना. आपत्तीच्या काळात कराराची मुदत संपली, तर आपत्ती सरल्यावर एक महिन्यापर्यंत भाडेकरूला जुन्याच अटींवर राहू द्यावं, अशी तरतूद त्यात आहे आणि ती योग्यच आहे. जुन्या अटींत भाडंही येतं. ते भरायला भाडेकरूकडे पैसेच नसतील तर सरकारने काही वाटा उचलावा, असं कलम मात्र त्या मसुद्यात नाही.