दाढेतून गळ्याकडे
(तोंडातले जिवाणू : लेखांक ६)

कीड दातातल्या नसेपर्यंत कशी पोहोचते, ते मागच्या लेखात पाहिले. नस मेली की ठणका थांबतो आणि दाढ बरी झाली, असे वाटते. बिघाड मात्र तिथूनच वाढतो. मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्त खेळत नाही. त्यामुळे पांढऱ्या पेशीही तिथे जात नाहीत आणि पोटात घेतलेल्या गोळीतले औषधही जात नाही.

या पोकळीत आधी जम बसतो तो स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूंचा. प्राणवायू असो वा नसो, त्यांचे भागते. उरलासुरला प्राणवायू त्यांनी संपवला की ज्यांना तो सोसतच नाही असे प्रीव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम, पार्व्हिमोनास जोर धरतात. दाढेच्या पुवाला येणारी घाण प्रामुख्याने यांचीच. यातले जवळपास सगळे एरवी आपल्याच तोंडात निमूटपणे नांदत असतात.

मुळाच्या टोकाशी साचलेला पू हाड पोखरून वाट काढतो. तो हिरडीवर पुळी होऊन फुटला, तर निभावते. पण खालच्या जबड्यातली दुसरी दाढ आणि अक्कलदाढ यांची मुळे बहुधा फार खोल असतात. तोंडाचा तळ ज्या स्नायूने बनतो, तो जबड्याला जिथे चिकटतो त्याच्याही खाली त्यांची टोके येतात. तिथला पू थेट जबड्याखाली, मानेत उतरतो. जर्मनीतल्या स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले आणि हा आजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. प्रतिजैविके येण्यापूर्वी यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. तोंड नीट उघडत नसेल, लाळ गिळवत नसेल, आवाज घोगरा झाला असेल, आडवे पडल्यावर गुदमरत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठायचे. मधुमेह असेल तर हे सगळे फार झपाट्याने घडू शकते.

आता औषधांकडे. पेनिसिलिनच्या कुळातले अमॉक्सिसिलिन इथे वर्षानुवर्षे चालत आले. पण प्रीव्होटेलाचे अनेक वाण बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर तयार करतात आणि ते या औषधाचा रेणूच तोडते. हे विकर आजूबाजूला पसरते, त्यामुळे शेजारचे स्ट्रेप्टोकोकस स्वतः प्रतिरोधक नसूनही बचावतात. म्हणून जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल द्यावे लागते; ते विकराला निकामी करते. मेट्रोनिडाझोल प्राणवायू न सोसणाऱ्यांवर उत्तम चालते, स्ट्रेप्टोकोकसवर मात्र त्याचा उपयोग नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना क्लिंडामायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन देतात, पण त्यांनाही दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस सापडतात.

आणि आपल्याकडे होते काय? दाढ ठणकली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय चार गोळ्या. दुकानदार पट्टीचा तुकडा कात्रीने कापून देतो, त्यावर कधी औषधाचे पूर्ण नावही उरत नाही. सूज उतरते, दाढ तशीच राहते, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. दर खेपेला तोंडातले औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात आणि टिकाव धरणाऱ्यांना जागा मोकळी होते. उद्या संसर्ग मानेत उतरलाच, तर गाठ पडते ती या निवडून उरलेल्यांशी.

‘सुजेत दाढ काढत नाहीत’ हा समज तर घरोघरी आहे. सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते, म्हणून भुलीचे इंजेक्शन कमी लागू पडते, एवढे खरे. पण दाढ काढणे, रूट कॅनाल किंवा चीर देऊन पू काढणे, हाच मूळ उपचार आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढाची दाढ लगेच हाताळता येत असेल, तर बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरज नसते. ताप, अंग मोडून येणे, पसरणारी सूज असेल तेव्हाच ते द्यायचे, आणि तेही मूळ उपचाराच्या जोडीला.

पू तपासायला पाठवतानाही काळजी हवी. कापसाच्या बोळ्याला लाळेतले जिवाणू चिकटतात आणि प्राणवायू न सोसणारे वाटेतच मरतात. मग अहवालात ‘वाढ आढळली नाही’ असे येते किंवा भलत्याच जिवाणूचे नाव येते. सुईने ओढलेला पू हवा न लागू देता लवकर प्रयोगशाळेत पोहोचला, तरच खरे जिवाणू हाती लागतात आणि कोणते औषध चालेल ते कळते.