विश्लेषण : वाट्यावर पाच रुपयांची घासाघीस किती महागात पडते? बाजारहाटाचे शिष्टाचार काय?

डहाणूहून आगर, नरपड, चिखलेमार्गे घोलवड-बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला चिकू, भाज्या, सुके बोंबील घेऊन बसलेल्या बाया दिसतात. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि मुंबईकरांना हा बाजार आणखी जवळचा झाला. मात्र इथली खरेदी मॉलसारखी नाही. तिच्या काही अलिखित रीती आहेत, तर काही लिखित नियमही.

वाटा म्हणजे काय?
अनेक विक्रेत्या तराजू वापरत नाहीत. भाजीचे, मासळीचे छोटे ढीग मांडतात. तोच वाटा. त्याला ठरलेले वजन नसते, नजरेचा अंदाज असतो. त्यामुळे या वाट्यातले चार नग उचलून त्या वाट्यात टाकणे योग्य नाही. उरलेला वाटा मग कोणी घेत नाही. कमी वाटला तर ‘मावशी, वर थोडे घाला’ म्हणावे. बहुतेकदा मूठभर मिळतेच.

घासाघीस करावी की नाही?
करावी, पण हिशेब ठेवून. समजा, टोपलीत २० रुपयांचे २० वाटे आहेत. सगळे विकले तर ४०० रुपये. प्रत्येक गिऱ्हाइकाने पाच रुपये पाडले तर १०० रुपये, म्हणजे पाव कमाई गेली. गाडीभाडे त्यातूनच जाते. संध्याकाळी पालेभाजी कोमेजते, परतीची गाडी गाठायची असते. त्या अगतिकतेचा फायदा घेणे म्हणजे घासाघीस नव्हे, अडवणूक. जास्त वाटे घेताना एकत्र भाव विचारणे दोघांनाही परवडते. सकाळी भवानी व्हायच्या आत भाव पाडून, काहीच न घेता निघून जाणे विक्रेत्यांना जिव्हारी लागते.

चिकू दाबून का पाहू नये?
डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ झाडावरून कच्चे उतरवतात आणि नंतर पिकवतात. अंगठ्याने दाबलेली किंवा नखाने खरवडलेली जागा आधी नासते. नुकसान मात्र विकणाऱ्याचे होते. ‘आज खायचे की दोन दिवसांनी?’ एवढे सांगितले की विक्रेता नेमके फळ काढून देतो.

रानभाजी घेताना काय विचारावे?
पावसाच्या सुरुवातीला येणारे शेवळ नीट न शिजवल्यास घसा खाजवते. म्हणून ते काकडाच्या आंबट फळांसोबत किंवा चिंच घालून करतात. ही माहिती विकणारीकडेच असते. घाई नसताना ‘ताई, ही कशी करायची?’ असे विचारणे मानाचे आणि फायद्याचेही. फोटो काढण्याआधी मात्र परवानगी घ्यावी.

पिशवी कोणाची?
राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. गिऱ्हाइकाने पिशवीसाठी हट्ट धरला तर पोटावर पाय येतो तो बहुधा विक्रेतीच्या. त्यामुळे घरून कापडी पिशवी नेणे उत्तम.

पैसे देताना?
रस्त्याकडेला मोबाइलचे नेटवर्क दगा देते. पैसे पोहोचल्याची खात्री विक्रेतीला पटेपर्यंत थांबावे. सकाळीच ५०० ची नोट पुढे करण्यापेक्षा सुटे पैसे जवळ ठेवावेत. दहा रुपयांचे नाणे दोन्ही बाजूंनी बिनधास्त घ्यावे. त्याचे सर्व १४ प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

किराणा दुकानात वेगळे काय?
पाकिटावरच्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यापेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, कमीत मात्र विकता येते. जादा आकारणी किंवा मापात खोट वाटल्यास आधी शांतपणे विचारावे. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नको असलेले दूध, दही पुन्हा फ्रिजमध्येच ठेवावे. कुठल्याही रॅकवर सोडले तर ते खराब होते.

थोडक्यात, छापील किंमत असते तिथे हक्क बजावावा आणि वाटा असतो तिथे विश्वास राखावा. पाच रुपये गिऱ्हाईक उद्यापर्यंत विसरते, टोपलीवालीला ते त्याच संध्याकाळी कमी पडतात.