कासवांचं गाव: वेळासने नाव कसं कमावलं

मंडणगड तालुक्याला इतिहासाने दोन मोठी नावं दिली. आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव, आणि सावित्रीच्या मुखाजवळचं वेळास हे नाना फडणवीसांचं. तरीही आज पुण्या-मुंबईत कुणाला ‘वेळासला चाललोय’ म्हणून सांगा, पहिला प्रश्न येतो, ‘कासवं बघायला का?’ पेशवाईतल्या मुत्सद्द्याच्या गावाची ही नवी ओळख जेमतेम वीस वर्षांतली आहे. आणि ती गावाने स्वतः कमावलेली आहे.

धंद्याची ओळख कशी उभी करावी, यावर हल्ली पुष्कळ सल्ले मिळतात. लोगो काढा, रंग ठरवा, रोज एक रील टाका. वेळासकडे सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं, म्हणूनच हे उदाहरण मला मोलाचं वाटतं.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या भाऊ काटदरे यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथल्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या या किनाऱ्यावर अंडी घालायला येत होत्या, पण अंडी माणसं उकरून नेत आणि उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पूर्ण संरक्षित आहे. पण अपरात्री किनाऱ्यावर लक्ष ठेवायला माणूसच लागतो. संस्थेने गावातल्याच लोकांना हाताशी धरलं आणि ते कासवमित्र झाले.

त्यांचं काम जवळून पाहावं असं आहे. मादी रात्री येते, मागच्या पायांनी दीड-एक फुटाचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे न पाहता समुद्रात जाते. पहाटे वाळूवरच्या तिच्या सरपटीच्या खुणा हेरत कासवमित्र घरट्यापर्यंत पोचतात. अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत आणतात, तेवढ्याच खोलीचा आणि तशाच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतात आणि तारखेची नोंद करतात. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची. आत पिल्लं असली, तर पाण्यापासून थोडं अलीकडे सोडायची, म्हणजे ती स्वतः चालत समुद्रात जातात.

अशी राखण काही वर्षं झाली, आणि मग २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. लोकांनी बघायला यावं असं काही आधी किनाऱ्यावर घडलं, बोलावणं मागाहून गेलं. पाहुणे आले तसे घरांच्या पडव्या आणि माजघरं उघडली, केळीच्या पानावर उकडीचे मोदक वाढले जाऊ लागले आणि घरच्या कोकमाला गिऱ्हाईक मिळालं.

वेळासची दुसरी गोष्ट मला अधिक भावते. टोपलीखाली आज पिल्लं असतीलच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. थंडी लांबली की दिवस पुढे सरकतात. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला हे आधीच सांगणं सोपं नसतं. पण ते सांगणाऱ्या घराकडे माणूस पुन्हा येतो. जे आपल्या हातात नाही त्याची हमी द्यायची नाही, आणि जेवण, स्वच्छ अंथरूण, वेळेवर चहा हे हातात आहे ते चोख ठेवायचं. कोणत्याही छोट्या व्यवसायाने पाटी रंगवण्याआधी ही वाटणी करावी.

आता तालुक्यातल्या इतर मालाकडे बघू. इथे आंबा, काजू, कोकम मुबलक, पण बराचसा माल व्यापाऱ्याच्या पोत्यातून आणि पेटीतून निनावी बाहेर जातो. बचत गटाच्या ताई कोकमचं आगळ उत्तम करतात. बाटलीवर मात्र ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘कोकण स्पेशल’ असे शब्द येतात. ते शेजारच्या दहा बाटल्यांवरही असतात. ट्रेडमार्कचा कायदाही निव्वळ वर्णनाच्या शब्दांना किंवा नुसत्या गावाच्या नावाला सहसा नोंदणी देत नाही. आपलं असं वेगळं नाव घेतलं, तर व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. सरबत आणि मसाला वेगवेगळ्या वर्गांत मोडतात, हे अर्जाआधी पाहून घ्यावं. लेबलावर कोणत्या गावात केलं, कधी केलं, मीठ घातलंय की साखर, हे ठळक लिहावं. खारट आगळाला सरबत समजून पाण्यात ओतणारं शहरी गिऱ्हाईक पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतं आणि दोष बाटलीला देतं.

हापूसचं प्रकरण निराळं आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, पण बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली तरच ते हक्काने पेटीवर लावता येतं. परराज्यातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो म्हणून आपण संतापतो, आणि तो संताप रास्तच आहे. मग ही नोंदणी प्रत्येक बागायतदाराने करायला हवी.

वेळास हे नावही असंच सामायिक आहे. एका घराने पाहुण्यांना लुबाडलं, तर बोल सगळ्या गावाला लागतो. २०२२ च्या जानेवारीत इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला आणि तिला ‘प्रथमा’ नाव मिळालं. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर असा ट्रान्समीटर बसवलेलं हे पहिलंच ऑलिव्ह रिडले कासव. तेव्हापासून गावाकडे आणखी डोळे लागले आहेत. नाव वाढलं की गाड्या वाढतात, किनाऱ्यालगत बांधकामं येतात, रात्री प्रखर दिवे लागतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने वळतं, ते समुद्राऐवजी त्या दिव्यांकडे जाईल. अंडी घालायला आलेली मादीही उजेड पाहून परत फिरते.

माद्या यायला नोव्हेंबरपासून सुरुवात होते, म्हणजे दिवाळीनंतर फार अवधी नाही. किनाऱ्यावरचे दिवे, गाड्या कुठवर आणायच्या आणि एका वेळी किती माणसं हॅचरीजवळ सोडायची, हे तिन्ही विषय ग्रामसभेने त्याआधीच ठरवून टाकावेत.