मुलांच्या मदतीला उत्पन्नाची अट कशाला?

देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. त्याच्या आजूबाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर अशा वस्त्या वाढल्या. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात पालिकेचा हा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. इथे मूल वाढवणाऱ्या घराला सरकारकडून काय मिळू शकतं?

पात्र आईला पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५ हजार रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला अंगणवाडीचा आहार सुरू होतो. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा शिधा आणि पुढे सहा वर्षांपर्यंत गरम ताजा आहार मिळतो. त्यातल्या कॅलरी आणि प्रथिनांचं रोजचं प्रमाण ठरलेलं आहे. तीव्र कुपोषित बाळासाठी ते जास्त आहे. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचं जेवण असतं. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असल्यास, 'लेक लाडकी' योजनेतून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. आई किंवा वडिलांचं छत्र हरपलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये आहेत.

यादी मोठी आहे. पण कुटुंबं गळतात ती उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. 'लेक लाडकी'ची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ८,३०० रुपये. रोज ४०० रुपये कमावणारा मजूर महिन्यात २५ दिवस कामावर गेला तर त्याचे १० हजार होतात आणि त्याची मुलगी योजनेबाहेर जाते. त्याच पैशांतून तो खोलीचं भाडं, पाणी आणि दवाखाना भागवत असतो. मुंबईत आणि गडचिरोलीच्या पाड्यावर जगण्याचा खर्च एक नाही, मर्यादा मात्र एकच आहे.

अंगणवाडीत आज बाळाला जेवू घालण्याआधी बापाची कमाई विचारत नाहीत. शाळेच्या पोषण आहारातही विचारत नाहीत. म्हणूनच या दोन सोयी सर्वांत गरीब घरापर्यंत पोचण्याची शक्यता सर्वाधिक असते. बाकीच्या योजनांनीही हाच धडा घ्यावा. निदान उत्पन्नाची मर्यादा मुंबईतल्या भाड्याचा आणि मजुरीचा हिशेब करून ठरवावी आणि दरवर्षी महागाईनुसार वाढवावी. बापाला महिन्यात चार दिवस जास्त काम मिळालं, तर त्याची किंमत लेकीने का मोजावी?