पाळणाघराचं लायसन कुठे मिळतं?

घरातून धंदा : लेखांक 7

गेल्या आठवड्यात घरगुती मेसचे कागद पाहिले. आज पाळणाघर. लातूरला औसा रोडकडे किंवा नांदेडला तरोडा नाक्याकडे घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, गल्लीत नर्सबाई, शिक्षिका, बँकेत जाणाऱ्या सुना आहेत आणि त्यांच्या सासूबाई गावाकडची शेती सोडून यायला तयार नाहीत. एवढं जुळून आलं की कुणी ना कुणी दहा-बारा लेकरं सांभाळायला घेतंच. मग पहिला प्रश्न येतो : लायसनला किती लागतात?

पाळणाघर चालवण्यासाठी म्हणून वेगळा परवाना देणारा कायदा महाराष्ट्रात नाही. तेव्हा ‘पाळणाघराचं लायसन काढून देतो’ म्हणणारा एजंट भेटला, तर नेमकं कोणत्या कायद्याखालचं, एवढंच त्याला विचारा. लागतात ते कुठल्याही छोट्या धंद्याला लागणारेच कागद.

त्यातला पहिला शॉप अ‍ॅक्ट. 2017च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणीची गरज ठेवलेली नाही. धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत कामगार विभागाला ऑनलाइन सूचना द्यायची, पावती घ्यायची. सरकारी खर्च शंभर रुपयांच्याही आतला. दुकानात फॉर्म भरून घेतला की तोच खर्च हजारात जातो. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी 2020पासून पूर्ण मोफत आहे. तिचेही पैसे घेणारे आहेतच, आणि देणारेही.

खरा दरवर्षीचा खर्च व्यवसाय कराचा. मालकिणीच्या नावे वर्षाला 2,500 रुपये, 30 जूनपर्यंत. वय 65च्या पुढे असेल तर तोही माफ. निवृत्त शिक्षिकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. हाताखालच्या बायकांच्या पगारातून हा कर कापायची पाळी सहसा येत नाही, कारण एप्रिल 2023पासून महिलांना महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. मुलांना वरणभात, खिचडी तुम्हीच करून घालणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली छोट्या व्यावसायिकाची नोंदणी करा, वर्षाला 100 रुपये. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीचा विचार नको. सगळं मिळून तीन हजारांच्या आत काम भागतं.

पैसे जातात ते दुसरीकडे. विजेचं घ्या. राहत्या घराच्या काही भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला 300 युनिट व मागच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटच्या आत असेल, तर महावितरण घरगुती दरच लावते. मे महिन्यात नांदेडला बारा लेकरं झोपलेल्या खोलीत कूलर, एसी दिवसभर चालला की ही रेघ ओलांडायला वेळ लागत नाही. लातूरला पाण्याचं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या शहरात टँकरचा आकडा भाड्याच्या शेजारीच मांडावा लागतो, कारण लंगोट धुणं काही उद्यावर टाकता येत नाही. जागा व्यापारी संकुलात घेतलीत तर 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याचा भाग येतो : यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा.

आता एक गोष्ट मला खटकते ती सांगतो. एवढे कागद हातात आले तरी त्यातल्या एकासाठीही कुणी येऊन लेकरं कशी ठेवलीत ते पाहत नाही. तीन ते सहा वयाचा प्ले ग्रुप, नर्सरी चालवणाऱ्यांना शालेय शिक्षण विभागानं 2025मध्ये पोर्टलवर नोंदणी करायला लावली. तिथे निदान जागा, सोयी, कर्मचारी यांची माहिती तरी भरावी लागते. पण आठ महिन्यांचं, दीड वर्षाचं, बोलताही न येणारं मूल या चौकटीच्या बाहेरच राहतं. नोव्हेंबर 2016मध्ये नवी मुंबईत खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, ती सीसीटीव्हीमुळे उघडकीला आली. कॅलिफोर्नियात घरात आठपर्यंत मुलं सांभाळायच्या परवान्याची फी 73 डॉलर आहे. पण आधी घराची तपासणी होते आणि घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या बोटांचे ठसे जातात. आपल्याकडे फी कमी आहे याचा आनंद मानायला मी तयार नाही.

मग निकष कुठून आणायचे? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2018मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनं पाळणाघर सक्तीचं केलं होतं, त्यांच्यासाठी त्या होत्या. घरगुती पाळणाघराला त्या बंधनकारक नाहीत, पण हाताशी घेण्यासारख्या आहेत. मुलामागे 10 ते 12 चौरस फूट जागा. तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक सांभाळणारी, त्यापुढच्या 20 मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. कामावर घेतलेल्या प्रत्येक बाईची पोलीस पडताळणी करून घ्या आणि प्रवेशाच्या फॉर्मवरच हे आकडे छापा.

दहा बाय बाराच्या दोन खोल्या म्हणजे 240 चौरस फूट, म्हणजे जागेच्या हिशेबानं वीस मुलं. पण त्यातली दहाहून जास्त तीन वर्षांखालची असतील तर सांभाळणारी दुसरी बाई ठेवावीच लागेल. तिचा पगार मुलामागच्या महिन्याच्या फीत कसा बसवायचा, ते पुढच्या लेखांकात.