'नो-क्लीन' फ्लक्स आणि सुरतेचा पावसाळा

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मगच कथील भांड्याला धरते. उर्दूत यालाच नौशादर म्हणतात. धातूवरील ऑक्साइडचा थर काढणे हे त्याचे काम. सर्किट बोर्डाला सोल्डर करताना हेच काम फ्लक्स करतो. भाषेचा प्राध्यापक या विषयात कशाला, असे कोणी विचारील. पण येथील निम्मा घोटाळा एका शब्दाचा आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या फ्लक्समध्ये बहुधा चीड वृक्षाची राळ आणि थोडे सेंद्रिय आम्ल असते. पुरेशी उष्णता मिळाली की आम्लाचा जोर बव्हंशी संपतो. उरलेले घट्ट झालेल्या राळेत अडकून राहते. परंतु दुरुस्ती करणारा ब्रशने फ्लक्स इंचभर पसरवतो आणि इस्त्रीचे टोक मात्र एकाच सांध्याला लागते. आजूबाजूचे आम्ल कच्चेच राहते.

एप्रिलमध्ये याचा त्रास जाणवत नाही. जुलैच्या दमट हवेत बोर्डावर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो, आम्ल त्यात विरघळते आणि दोन पट्ट्यांमधून वीज झिरपू लागते. धन पट्टीवरील धातू विरघळून ऋण पट्टीवर साचतो व तेथून नेच्याच्या पानासारखा धन पट्टीकडे वाढतो. दोन्ही जोडल्या की शॉर्ट. एम्ब्रॉयडरी यंत्राचा असा बोर्ड दुकानात कोरडा झाला की चालतो, कारखान्यात पुन्हा बंद पडतो. मग ठपका येतो तो आपल्या विद्यार्थ्यावर : काम कच्चे!

पूर्वी बोर्ड सीएफसी-११३ ने धूत असत. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, ते द्रावण मागे पडले आणि न धुता चालणारे फ्लक्स रूढ झाले. तेव्हा 'नो-क्लीन' म्हणजे 'स्वच्छ' नव्हे. ठरलेली उष्णता मिळाल्यास धुण्याची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अर्धवट धुणे तर न धुण्याहून वाईट. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ब्रश फिरवून सोडून दिला की अल्कोहोल उडते, राळ पातळ पसरते आणि आम्ल उघडे पडते. पुष्कळदा पांढरट डाग उरतो तो यामुळेच. भरपूर अल्कोहोल घालून घासावे, सुकण्याआधीच धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपावे आणि ताज्या अल्कोहोलने पुन्हा धुवावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, इस्त्री बंद करावी. ते पेट घेते.

वर्गात तीन सारखे बोर्ड घ्यावेत : एक न धुतलेला, एक अर्धवट पुसलेला, एक नीट धुतलेला. पाण्याची वाटी ठेवलेल्या बंद डब्यात ते आठवडाभर ठेवून शेजारच्या पट्ट्यांमधील रोध मेगोहममध्ये रोज मोजावा. बोटे मात्र पट्ट्यांना लावू देऊ नयेत, घामातही मीठ असते.