खोक्यावरचा एक मिलिसेकंद

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक हर्ट्झचा, दुसरा मिलिसेकंदाचा. पहिला बहुधा खरा असतो. दुसऱ्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी असते आणि तिचा खुलासा खोक्याच्या तळाला, आयातदाराच्या पत्त्याशेजारी. तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनची नोकरी करणाऱ्याला आधी चांदणी आणि मग आकडा वाचायची सवय लागते. प्रेशर ट्रान्समीटर असो की कंट्रोल व्हॉल्व्ह, डेटाशीटवर त्याचा सगळ्यात चांगला दिवस छापलेला असतो.

चिंचणीच्या भाच्याने मला बरोबर घेतलं ते या सवयीमुळेच. पोरगा आयटीआय करून बोईसरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. दुसरी पाळी सुटली की कंपनीच्या बसने घरी, जेवण, आणि मग व्हॅलोरंट. बाजूच्या खोलीत आई आणि आजी झोपलेल्या, म्हणून दिवा बंद. "मामा, सत्तावीस इंची, टू-के, २४० हर्ट्झ," एवढं त्याचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, आधी तुझं टेबल दाखव.

टेबल दहावीच्या अभ्यासासाठी सुताराकडून करून घेतलेलं, अठरा इंच खोल. मॉनिटरच्या स्टँडचा पाय त्यातले सात-आठ इंच खातो. म्हणजे पडदा जवळजवळ तोंडासमोर. सत्तावीस इंची मॉनिटर साठ सेंटीमीटर रुंद असतो. इतक्या जवळून कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. चोवीस इंची त्रेपन्न सेंटीमीटरमध्ये बसतो आणि सगळा पडदा एका नजरेत मावतो. काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धांत वर्षानुवर्षं साडेचोवीस इंची मॉनिटर दिसत आले आहेत, तिथे तर पैशांची अडचण नसते. हे ऐकल्यावर भाच्याचा विरोध जरा सैल पडला.

मग कॅबिनेटचं झाकण काढलं. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, सेकंडहँड. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात; ज्याला दुकानात टू-के म्हणतात त्या १४४० ओळींच्या पडद्यावर ३६,८६,४००, म्हणजे पावणेदोन पट. दर फ्रेमला हे सगळे ठिपके कार्डाने रंगवायचे असतात. व्हॅलोरंट हलका गेम आहे, मुद्दाम साध्या मशीनवर चालावा म्हणून बनवलेला. फुल एचडीत हे कार्ड त्याला १४४च्या वर नेतं. पण भाच्याच्या यादीतले नवे भारी गेम पावणेदोन पट ठिपक्यांवर टाकले तर ते धापा टाकणार. आणि सत्तावीस इंचावर फुल एचडी घेतलं तर इंचाला ८२ ठिपके उरतात. अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. चोवीस इंचावर तेच ९२ होतात. ग्राहक मॉनिटरपासून सुरुवात करून कार्डापर्यंत येतो, हिशोब मात्र कार्डापासून मॉनिटरकडे करायचा असतो. चोवीस इंच आणि फुल एचडी हे असं चिंचणीतच ठरलं, दुकानाचं तोंडही न बघता.

हर्ट्झचा हिशोब सोपा आहे. ६०ला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ला ६.९, २४०ला ४.२. साठवरून १४४ला जाताना जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात. १४४वरून २४०ला जाताना तीनसुद्धा नाहीत, आणि ते मिळवायला कार्डही तेवढ्या फ्रेम देणारं हवं. फरक दिसतो कुठे, तर हलत्या वस्तूत. एलसीडी पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं धरून ठेवतो, आपला डोळा मात्र धावत्या वस्तूमागे सरकत राहतो, आणि वस्तू फासल्यासारखी दिसते. सेकंदाला ९६० ठिपके सरकणारा माणूस ६०वर सोळा ठिपके फासला जातो, १४४वर सातही नाही. जुन्या सीआरटीत ठिपका क्षणभर चमकून विझायचा, म्हणून हा प्रकार नव्हता. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळलेली आमची पिढी चपट्या पडद्यांवर नाक मुरडायची, ते उगाच नव्हे.

मिलिसेकंदाचं प्रकरण मात्र आमच्याच धंद्यातलं निघालं. मागून दिव्याचा उजेड सतत येत असतो आणि प्रत्येक ठिपक्यातले द्रवस्फटिक वळून तो कमी-जास्त सोडतात. वळायला वेळ लागतो. एका करड्या छटेवरून दुसरीवर जायचा वेळ मोजताना पहिले दहा टक्के आणि शेवटचे दहा टक्के सोडून द्यायची जुनी पद्धत आहे. दहा ते नव्वद, आम्ही राइझ टाइम मोजतो तशीच. शेवटचे दहा टक्के किती रेंगाळतात हे लूप ट्यून केलेल्या माणसाला सांगायला नको. त्यात छटांच्या शेकडो जोड्यांमधली सगळ्यात चपळ जोडी निवडली आणि ओव्हरड्राइव्ह कमाल ठेवला, की एक मिलिसेकंद छापायला मोकळे. ओव्हरड्राइव्ह म्हणजे ठिपक्याला हवं त्यापेक्षा जास्त व्होल्टेज क्षणभर देऊन ढकलणं. गेन फार वाढवला की व्हॉल्व्ह सेट पॉइंट ओलांडून पुढे जातो आणि मग मागे येतो, तसंच इथे होतं: धावणाऱ्याच्या मागे पांढुरकी कडा उमटते. काही खोक्यांवर आकड्यापुढे एमपीआरटी लिहिलेलं असतं. तो एक मिलिसेकंद आणखी वेगळा. त्यात मागचा दिवाच दर फ्रेमला क्षणभर पेटवतात. चित्र स्वच्छ दिसतं, पण पडदा मंदावतो, आणि बऱ्याच मॉनिटरांत ती सोय चालू केली की पडद्याचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारं अडॅप्टिव्ह सिंक बंद पडतं.

बोईसरच्या दुकानांत मॉनिटर मिळतात, पण तीन जातींचे पॅनल शेजारी शेजारी लावून बघायचे तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. बोईसरहून शंभरेक किलोमीटर. २०१३पासून लोकल डहाणूपर्यंत येते, त्यामुळे जाणं सोपं झालंय. येणं, हातात खोकं असेल तर, निराळं.

त्या रस्त्यावरची दुकानं ट्यूबलाइटांनी न्हाऊन निघालेली असतात आणि भिंतीवरच्या मॉनिटरांवर माशांचे, फुलांचे, नाहीतर मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ चालू असतात. अशा उजेडात आणि अशा चित्रांवर कुठलाही पडदा देखणाच दिसतो. पोरगा खेळणार अंधारात. मी पेनड्राइव्हवर साध्या पाट्या नेल्या होत्या: पूर्ण काळी, पूर्ण पांढरी, एक अगदी गडद करडी, लाल, हिरवी, निळी, आणि काळ्यावर करड्या अक्षरांचा एक लांबलचक मजकूर. दुकानातल्या पोराने त्या बघितल्या आणि काही न बोलता आम्हाला पोटमाळ्यावर नेलं. तिथे माल ठेवतात. वाकूनच उभं राहावं लागत होतं. त्याने लॅपटॉपला आधी व्हीए पॅनल जोडलं आणि माळ्यावरचा दिवा घालवला.

काळी पाटी लावली तर पडदा चालू आहे की बंद हे कळेना. व्हीएची हीच खासियत. त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण तीन हजारास एक असतो, आयपीएसचा हजाराच्या आसपास. भाचा खूश. मग त्या पोराने करडा मजकूर लावून चाक फिरवलं. ओळी वर सरकल्या आणि प्रत्येक अक्षरामागे काळपट जांभळी शेपटी ओढली गेली, ओल्या शाईवरून बोट फिरावं तशी. गडद छटेवरून दुसऱ्या गडद छटेवर जायला स्वस्त व्हीएला वीस-तीस मिलिसेकंदही लागतात. १४४ हर्ट्झवर तेवढ्यात चार चित्रं बदललेली असतात. "अंधाऱ्या गल्लीतला माणूस असाच दिसणार," दुकानातला पोरगा म्हणाला. विकायचं सोडून खरं बोलणारा माणूस भेटला की मला त्याच्याकडूनच घ्यावंसं वाटतं.

आयपीएसवर शेपटी जवळजवळ नाही, पण काळी पाटी काळी नव्हती. उजव्या खालच्या कोपऱ्यात पिवळट उजेड साचलेला. "दादा, मान हलवून बघा." हलवली तर उजेडही सरकला. सरकतो तो आयपीएसचा स्वभावच, थोडं मागे बसलं की कमी होतो. मान हलवूनही जागचा हलत नाही तो मागच्या दिव्याचा गळका उजेड, चौकट नीट न बसल्याचा, आणि असा नग घेऊ नये. तिसरी जात टीएन. ती मी त्याला काढूच दिली नाही. चपळ असते, पण खालून बघितलं की रंग उलटतात, आणि भाचा खुर्चीत बसत नाही, घसरतो.

ओएलईडीचा मोह मलाच झाला, भाच्याला नाही. तिथे मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा खरा काळा, आणि वेग असा की मिलिसेकंदाची चर्चाच संपते. किंमत आमच्या बजेटच्या चार-पाच पट. शिवाय आमच्या जुन्या कंट्रोल रूममधले सीआरटी मी पाहिलेत: वर्षानुवर्षं तेच टाक्यांचं आणि पाइपांचं चित्र दाखवून बंद पडद्यावरही टाक्या उमटून राहिलेल्या. गेमचा नकाशा आणि गोळ्यांचा आकडाही रोज तासन्‌तास एकाच जागी असतो. आता कंपन्या त्यावर उपाय करतात, वॉरंटीही देतात. तरी टाक्या डोळ्यांसमोरून जाईनात.

एचडीआर ४०० असा चिकट शिक्काही बऱ्याच मॉनिटरांवर असतो. त्याने फसू नये. त्या पायरीला मागचा दिवा भागाभागाने कमी-जास्त होण्याची अटच नाही, त्यामुळे अंधारातलं चित्र नुसतं फिकट होतं.

ठरलं ते १८० हर्ट्झचं आयपीएस, बारा हजारांच्या आत. पैसे मोजण्याआधी ते खोकं तिथेच उघडून लाल-हिरव्या-निळ्या पाट्या लावल्या आणि तिघांनी पडदा विंचरून काढला. फुल एचडीत बासष्ट लाखांवर उपठिपके असतात. त्यातला एखादा मेलेला असला तरी बऱ्याच कंपन्या तो दोष धरत नाहीत, ठरावीक संख्येपर्यंत सोडून देण्याचे नियमच आहेत. दुकानातून बाहेर पडल्यावर त्यावर भांडता येत नाही. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी खोकं उघडतानाचं चित्रीकरण करावं ते यासाठीच.

परतीला आम्ही मालडब्यात चढलो. खोकं आडवं ठेवायचं नाही, त्यावर बाणाने लिहिलेलंच असतं; पॅनल आडवं झालं आणि वरून कुणी टेकलं की काच गेली. विरारला गाडी बदलल्यावर डब्यात रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मासळीवाल्या होत्या. "टीव्ही काय रे?" एकीने विचारलं. भाचा गेमिंग मॉनिटर म्हणाला. "म्हंजे टीव्हीच," असं म्हणून तिने दोन पाट्यांच्या मधे खोक्याला उभी जागा करून दिली. पालघरला गर्दी उतरली. बोईसरहून पुढे शेअर रिक्षा, पास्थळपर्यंत खड्डे चुकवत, खोकं मांडीवर.

घरी जोडल्यावर पोराने गेम लावला आणि म्हणाला, "मामा, काहीच फरक नाही." फरक असणार कुठून? विंडोज नवा मॉनिटर पुष्कळदा साठ हर्ट्झवरच चालू करतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि तिथे रिफ्रेश रेट स्वतः निवडायचा. हे न केल्यामुळे १४४चा मॉनिटर वर्षभर साठवर चालवणारे लोक बोईसरमध्येच मी पाहिलेत. यादीत १४४च्या वर काही दिसेना, कारण केबल एचडीएमआयची होती आणि या मॉडेलला १८० फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतात. केबल बदलली. ती मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या भोकात गेलीय ना, हेही बघितलं. डिस्प्लेपोर्टचा दुसरा फायदा अडॅप्टिव्ह सिंकचा: कार्डाच्या फ्रेम १२० झाल्या तर पडदाही १२० वेळाच बदलतो आणि चित्र मधूनच फाटत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांना साध्या मॉनिटरवर ही सोय जानेवारी २०१९पासून आहे. फ्रेमची मर्यादा आम्ही १७५वर बांधली, १८०च्या जरा खाली, म्हणजे सिंक सुटत नाही. ओव्हरड्राइव्हच्या तीन पायऱ्यांपैकी मधली. ब्राइटनेस शंभरावरून पंचवीसवर आणला. त्या अंधाऱ्या खोलीत तेवढाही पुष्कळ झाला, आणि कोपऱ्यातला पिवळा उजेडही त्याबरोबर उतरला. स्टँड वरखाली होत नव्हता, म्हणून खाली सीईटीची दोन गाइडं गेली. त्यांचा अखेर उपयोग झाला, असं बहीण म्हणाली.

राहिली वीज. १९६९पासून अणुवीज केंद्र शेजारी आहे, पण त्याची वीज ग्रिडमध्ये जाते, शेजाऱ्याच्या खांबावर नाही; पावसाळ्यात माडाची एक झावळी तारेवर पडली की चिंचणीत लाइट गेलीच. घरात ६०० व्हीएचा यूपीएस होता, म्हणजे साधारण ३६० वॅट. मॉनिटरला पंचवीसेक वॅट लागतात. कार्डाला पंच्याहत्तर, प्रोसेसर आणि बाकीचं मिळून गेम चालू असताना सगळं दोनशेच्या आसपास. बॅटरी नवी असेल तर गेम नीट बंद करण्यापुरती चार-पाच मिनिटं मिळतात. पुढे मोठं कार्ड घेतलं तर हा यूपीएस पुरणार नाही, ते त्याला सांगून ठेवलंय. यूपीएसच्या मागे पाहिलं तर बॅटरीच्या दोन सॉकेटांपैकी एकात सीपीयू होता आणि दुसऱ्यात स्पीकर. स्पीकर काढून नुसत्या सर्जच्या सॉकेटला लावला, मॉनिटर बॅटरीच्या.